बावखलाचा कोपरा

वटार,
मंगळवार, १३ मे २०२५

प्रिय गॉडफ्रे,
मोठ्या भावाचे आशीर्वाद. विनिताला आणि पोरांना आठवण सांग.

तुझं अंगण माझ्या ओट्यावरून दिसतं. आत्ता तू लुंगी नेसून गाडी धुतोयस आणि नळी उगाच चालू ठेवलीयस, तेही दिसतंय. तरी पत्र लिहितोय. समोरासमोर बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला मी ओरडतो आणि चौथ्याला तू दार लावतोस. विनिता रोज संध्याकाळी आपल्या जावेला, कार्मिनला बघायला येते, तिच्या हाती हे देईन.

खुशाली अशी की सोनचाफा यंदा बरा आहे. केळीचे दोन लोंगर वटवाघळांनी खाल्ले. शर्लिनची पोर सायकल शिकली, गुडघे फोडून घेतले. विहिरीचं पाणी दोन हात खाली गेलंय. कार्मिन शनिवारी घरी आली, अडीच महिन्यांनी. बाकी विशेष काही नाही.

विशेष काही नव्हतं तर पत्र कशाला लिहिलं, असं तू म्हणशील. थांब जरा, येतो त्यावर.

मला वैताग आलाय, गॉडफ्रे. माणसाने आयुष्यात एक तरी नियम करावा आणि तो पाळावा, असं मी तेहतीस वर्षं शाळेत पोरांना सांगितलं. स्वतः मात्र एकच केला. केला तेव्हा तू समोरच्या रांगेत बसला होतास. बाबांचं बावखल आपण अर्धं अर्धं वाटून घेतलं. तू तुझ्या अर्ध्यात भराव टाकून दुमजली घर उठवलंस आणि पुढच्याच महिन्यात, चर्चच्या हॉलमधल्या सभेत, मी उठून म्हणालो, "पावसाचं पाणी बावखलाच्या तळ्यात साठतं, तिथून मुरतं, म्हणून आपल्या विहिरी गोड आहेत. जो बावखल बुजवेल त्याच्या घरी मी पाण्याचा घोट घेणार नाही." काय टाळ्या पडल्या! टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी नऊ जणांनी पुढे आपापली बावखलं बुजवली. मी मोजलीत.

अकरा वर्षं मी बाटली घेऊन हिंडतोय. लग्नाला बाटली, बाप्तिस्म्याला बाटली, मयताला बाटली. दारूचा थेंब कधी न घेतलेल्या माणसाला गाव 'बाटली मास्तर' म्हणतं. हे नाव तूच ठेवलंस, मला माहीत आहे.

मेरीआत्याचं मात्र तुला कोणी सांगितलं नसेल. तिच्या पोराने, केनीने त्यांचं बावखल बुजवलं तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली, तिला कोणी विचारलंही नव्हतं. मी भेटायला गेलो तर उशाशी ठेवलेला पेला तिने स्वतः उचलला.

"पानी पी रे मर्विन, उन्हातनं आलास."

मी पिशवीतून बाटली काढून दाखवली.

"बरं बाबा, तुझं तू पी," म्हणाली आणि पेला तसाच छातीशी धरून पडून राहिली. नवव्या दिवशी गेली. आई गेल्यावर आपल्या दोघांना न्हाऊमाखू घालणारी आत्या! आणि मी घरी येऊन कार्मिनला छाती फुगवून सांगितलं, की तिथेसुद्धा नियम मोडला नाही. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मेडल कुठे लावताय?"

तेव्हा मला तिचा राग आला होता.

फेब्रुवारीत ती वाडीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, ते तुला ठाऊक आहे. माझ्या घराला गाडीची वाट नाही. बावखल आणि केळी यांच्यामधला बांध, त्यावरून फार तर सायकल जाते. खुर्चीत बसवून चौघांनी तिला बांधावरून रस्त्यापर्यंत नेलं, तेही तुला ठाऊक आहे. ऑपरेशननंतर शर्लिन तिला एव्हरशाईनला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली आणि मला फोनवर सांगून टाकलं, "डॅडी, मम्मीला आठवड्यातून तीनदा फिजिओला न्यायचंय. रिक्षा दारात येत नाही तोपर्यंत मी तिला पाठवणार नाही. सिंपल आहे. काकांच्या गेटातून रस्ता घ्या, नाहीतर राहू दे तिला इथे."

पोरीला मीच शिकवलं, मुद्द्याचं बोलावं म्हणून.

कार्मिन तिथे तिसऱ्या मजल्यावर बसून रोज फोन करायची. मोगऱ्याला पाणी घातलं का, कोंबड्या कोंडल्या का. घरी कधी येऊ, असं एकदाही विचारलं नाही. त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

तर गेल्या गुरुवारी मी तीन डंपर भराव मागवला आणि बावखलाचा रस्त्याकडचा कोपरा बुजवला.

लिहिलं एकदाचं. तू गॅलरीत उभा होतास, मी वर बघितलं नाही. कोणाच्या तरी तोडलेल्या बाथरूमच्या निळ्या फरश्या होत्या त्या भरावात. एक फुटकं बेसिन अजून चिखलातून वर आलेलं आहे. उथळ पाण्यात मासोळ्या तडफडत होत्या, त्या बादलीत भरून मी पलीकडच्या टोकाला सोडल्या. डंपरवाला मला हसत होता. हसेल नाही तर काय!

शनिवारी रिक्षा दारात आली. कार्मिन वॉकर धरून उतरली, कोपऱ्याकडे बघितलं आणि आत गेली. दुपारी जेवायला बसलो तर ताटाशेजारी पेला नाही. माझी बाटली.

"हे काय?"

"या घरानं बावखल बुजवलंय ना? मग इथलं पाणी तुम्हाला कसं चालेल?"

चेष्टा करतेय म्हणून मी हसलो. ती हसली नाही. बाटलीही रिकामीच होती.

चार दिवस झाले याला. खरं सांगतो, घरचं पाणी घशाखाली उतरत नाही. चर्चच्या नळावर जाऊन पिऊन येतो. एकदा विहिरीवर ओंजळ लावली आणि मग विहीर घरात धरायची की घराबाहेर, यावर तासभर डोकं खाजवत बसलो. सहासष्ट वर्षांच्या माणसाची ही दशा! नियम केला तेव्हा त्यात माझं घर कधी येईल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. तो तुम्हा लोकांच्या घरांसाठी होता.

काल मी कार्मिनवर चिडलो. म्हणालो, "तुझ्यासाठी मोडला ना नियम? दुसरा इलाज काय होता?"

"इलाज समोर होता," ती म्हणाली. "गेट होतं."

म्हणून फेब्रुवारीचं राहिलेलं आता लिहितो. त्या दिवशी तू गेट सताड उघडलंस. गाडी मागे घेत माझ्या कुंपणापर्यंत आणलीस. विनिता उशी घेऊन उभी होती. तू ओरडलास, "दादा, इकडून आण तिला!" मला ऐकू आलं नाही असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं, शर्लिनलासुद्धा. मला ऐकू आलं होतं. तुझ्या भरावावर पाय ठेवायचा नाही असा नियम मी कधी केला नव्हता, नियम फक्त पाण्याचा होता. तरी मी त्या चौघांना म्हणालो, बांधावरून चला. मध्येच एकाचा पाय घसरला, खुर्ची कलली आणि कार्मिन जी किंचाळली ती तुझ्या अंगणापर्यंत आली असेल. हाड एवढं सरकलं कसं, असं डॉक्टरांनी विचारलं. पडली तेव्हाच सरकलं असेल, असं मी सांगितलं.

खुर्चीत तीच होती. गेट तिच्या तोंडासमोर होतं. तीन महिन्यांत तिने मला याबद्दल एक अक्षर विचारलं नाही आणि मीही तिची माफी मागितली नाही.

गुरुवारी माझ्यापुढे दोनच रस्ते होते. तुझ्याकडे वाट मागायची, नाहीतर बावखल बुजवायचं. ज्या बावखलासाठी अकरा वर्षं गावभर मिरवलो ते मी बुजवलं, पण तुझ्यापुढे तोंड उघडलं नाही. मग इतकी वर्षं मी जपत काय होतो? तुझ्यावरचा राग. भराव टाकण्याआधी तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस, याचा. तेवढ्या रागाला नियम म्हणून मी आत्याचा पेला परतवला आणि बायकोचं हाड सरकवलं. लाज वाटते मला.

तू बुजवलंस ते चूकच, हे मी मरेपर्यंत म्हणेन. तुझी बोअर गेल्या वर्षी आणखी खाली न्यावी लागली ती काही उगाच नाही. माझा नियमही सगळाच खोटा नव्हता. पण यापुढे कोणी बावखल बुजवायला निघाला तर आधी त्याच्या दारी जाऊन हात जोडेन, आणि त्याने दिलेलं पाणी पिऊन मग भांडेन.

आता मागणं. तुझ्या गेटातून माझ्या कुंपणापर्यंत रिक्षा येऊ देत जा. तेवढी वाट दिलीस तर पावसाआधी तो कोपरा उपसून काढतो, फरश्या-बेसिनसकट. तीन आठवडे हातात आहेत.

रविवारी मिसा झाल्यावर कार्मिनला घेऊन तुझ्याकडे येतो. बाटली आणणार नाही. विनिताला सांग, पाणी माठातलं दे, फ्रिजमधलं माझ्या घशाला बाधतं. वाट द्यायची नसेल तर तेव्हा तोंडावर नाही म्हण, तुझा हक्क आहे. तरीही पाणी पिऊनच उठेन.

तुझा दादा,
मर्विन