ग्रेसीची साक्ष

३ फेब्रु.
शिवाजीनगर बसस्टँडवर मोबाइल हिसकावणाऱ्या त्या दोघांना आज शिक्षा झाली. तपास माझा. धरपकड ते निकाल, मध्ये एक पावसाळासुद्धा आला नाही. साक्षीदारांना सगळं लख्ख आठवत होतं.

घरी अण्णांना सांगितलं. सगळी नोकरी हेडकॉन्स्टेबल म्हणून काढलेला माणूस. म्हणाले, "आमच्या वेळी तारखा पडता पडता साक्षीदार म्हातारे व्हायचे. चोरालाही ते माहीत असायचं."

१९ फेब्रु.
स्टँड शांत. शहराबाहेर देवनहळ्ळीकडे मात्र हिसकाहिसकी वाढलीय म्हणे. म्हणजे कमी झाली की नुसती सरकली? इन्स्पेक्टरसाहेब खूश आहेत. त्यांना कोण विचारणार.

२ मार्च
पुन्हा स्टँडवरच. ग्रेसी नावाची नर्स, ड्यूटीवरून परतताना. मोबाइल सोडेना म्हणून हात पिरगाळला, मनगट मोडलं. ठाण्यातल्या जुन्या फोटोंतून तिने मंजुनाथला ओळखलं. संध्याकाळी उचलला. मोबाइल नाही सापडला. साहेब: "याच आठवड्यात चार्जशीट. मागच्यासारखं."

५ मार्च
मंजुनाथची बहीण आली. बस म्हटलं तरी उभीच. "त्या वेळी तो तिकडे लांब बोम्मसंद्राला कारखान्यात कामावर होता, मॅडम."
सगळ्या बहिणी हेच म्हणतात. साहेबही तेच म्हणाले.

६ मार्च
तरी गेले बोम्मसंद्राला. कारखान्याचा सुपरवायझर: "होता वाटतं. नक्की नाही सांगता येत." गेटच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मोठ्या ऑफिसातून मागवावं लागेल. "स्वल्प टाइम लागेल."
येताना ग्रेसीकडे. चेहरा नीट दिसला होता? "हेल्मेट होतं. पण काच वर होती."

८ मार्च
साहेबांना म्हटलं, थांबू या. भडकले. "केस रखडली की स्टँडवर पुन्हा जत्रा. तुला सांगायला हवं?"
नको. मलाही तेच वाटतं. शिवाय हात बरा झाला की ग्रेसी नोकरीसाठी परदेशी चालली. आत्ता चार्जशीट गेली तर जाण्याआधी तिची साक्ष होईल. नाहीतर साक्षीदारच नाही, आणि मंजुनाथच असेल तर...

जेवताना अण्णा: "आमच्या वेळी चूक झाली तरी सुधारायला वेळ असायचा गं." थोड्या वेळाने, "आरोपी तोवर आत सडायचा, ते वेगळं."

९ मार्च
चार्जशीट अडवून धरली. रेकॉर्डिंगसाठी नोटीस स्वतः नेऊन दिली. साहेब बोलत नाहीत. मंजुनाथ अजून आतच.

ग्रेसीला फोन करून सांगितलं, उशीर होईल.
"मॅडम, हात माझा मोडलाय."
मग तिनेच विचारलं, "पण तोच होता ना?"
"ते तुम्ही सांगायचं, ग्रेसी."
पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.
"फोटो तसाच वाटला होता. मग मला वाटलं, तुम्ही पकडलाय म्हणजे तोच असेल."

रेकॉर्डिंग सोमवारी देतो म्हणालेत.