तीन फूट डावीकडे

४ नोव्हेंबर १९८६, मंगळवार

ही वही फक्त बाणांच्या नोंदींसाठी. इतर काही लिहायचं नाही.

मेहुणा रविंद्र, म्हणजे चंद्रकलाचा भाऊ, आज अमेरिकेला परत गेला. दिवाळीला आईला भेटायला आला होता. येताना हौसेने स्वतःचा कंपाउंड बो आणला होता, आता सामानाचं वजन जास्त भरतंय म्हणून तो प्रतापनगरला आमच्याकडे ठेवून गेला. पुढच्या दिवाळीला नेईन म्हणाला. दोन्ही टोकांना चाकं, मध्ये तारा. धनुष्य कमी, सायकलच्या दुकानात अर्धवट सोडलेलं काम जास्त वाटतं. सोबत आठ बाण आणि एक इंग्रजी पुस्तिका.

जाताना त्याने एकच गोष्ट तीनदा सांगितली. बाण न लावता ओढलं तर सोडायचं नाही. धनुष्य फुटतं, तारा तोंडावर येतात. मी म्हटलं, मी काय लहान आहे?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसात वाईट बातमी. सिरोंचाच्या उपकार्यालयात माणूस टिकत नाही. दोन वर्षांत तिघे परतले. आता यादीत माझं नाव पहिलं, कारण मी अकरा वर्षं एकाच टेबलावर आहे. मी त्याला सातत्य समजत होतो.

आमची पुष्पलता यंदा दहावीला आहे. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, आणि गणित तिला मी शिकवतो. चंद्रकलाला सांगितलं. ती म्हणाली, मले सांगून काय होते, साहेबाले सांगा.

८ नोव्हेंबर, शनिवार

साहेबांना भेटलो. त्यांच्या खोलीत भिंतीवर त्यांचा हॉकी स्टिक घेतलेला कॉलेजातला फोटो आहे. तो पाहूनच सुचलं. म्हटलं, सध्या नागपूर सोडणं कठीण, धनुर्विद्येची तयारी चालू आहे. हे खोटं नाही. धनुष्य घरात आहे, म्हणजे अर्धी तयारी झालीच.

साहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, देवराव, अकरा वर्षांत एका शब्दानं बोलला नाहीत. खेळाडू माणूस हेडऑफिसला पाहिजेच. सव्वीस जानेवारीला आपल्या मैदानावर प्रात्यक्षिक द्या, सिरोंचाची यादी मी त्यानंतरच बघतो.

एकोणऐंशी दिवस. एवढ्यात लोक घरं बांधतात.

संकल्प: रोज पहाटे साडेपाचला उठणे. वीस बाण. मैद्याचं बंद.

९ नोव्हेंबर, रविवार

आठला उठलो. रविवार असल्यामुळे.

पोत्यात भाताचं तणस भरून मागच्या कुंपणाला टेकवलं. पंधरा पावलं मोजली. हे धनुष्य ओढताना आधी इतकं जड लागतं की खांद्यातून आवाज येतो, मग मागे आल्यावर अचानक हलकं होतं. पूर्ण ओढून उभं राहणं सोपं, तिथपर्यंत जाणं अवघड. पुस्तिकेत लिहिलंय की हीच याची खुबी.

पाच बाण. पाचही पोत्याच्या डावीकडे साधारण तीन फूट. म्हणजे कुंपणापलीकडे शेजारच्या नत्थूजींच्या अंगणात. तरी पाचही जवळजवळ एकाच जागी. पुस्तिकेप्रमाणे हे चांगल्या फॉर्मचं लक्षण.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नत्थूजींची एक पपई पडली. कच्ची होती. नत्थूजी मिलमधून रिटायर झालेले, दिवसभर घरीच. बाण परत द्यायला आले. म्हणाले, काहून गा देवराव, पपईच पाडाची आहे तं सांग, माह्याकडं बांबू आहे.

मी हसलो नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

साइटचा अभ्यास केला. धनुष्यावर एक छोटा काटा असतो, त्यातून नेम धरायचा. काटा सरकवता येतो. पुस्तिकेत लिहिलंय, बाण डावीकडे जात असतील तर काटा डावीकडेच सरकवा. ही उघड छपाईची चूक आहे. डावीकडे जाणारी गोष्ट आणखी डावीकडे ढकलून सरळ कशी होईल? मी काटा उजवीकडे सरकवला.

आज बाण चार फूट डावीकडे गेले. वारा असावा.

२३ नोव्हेंबर, रविवार

काटा आणखी उजवीकडे. बाण पाच फूट डावीकडे. एक बाण नत्थूजींच्या स्कूटरच्या सीटमध्ये. नत्थूजी म्हणाले, स्कूटर राहू दे, आता मी आंघोळ कुठं करू तेवढं सांग.

काटा मूळ जागी आणला. पुन्हा तीन फूट. सुधारणा झाली असं म्हणायला हरकत नाही. पाचावरून तीन.

३० नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर सराव नाही. सोमवारी थंडी, मंगळवारी जास्त थंडी, बुधवारी पुष्पलताची प्रमेयं. बाकीचे दिवस आठवत नाहीत, पण कारणं योग्य होती.

सासूबाई आज मागच्या पायरीवर वाती वळत बसून माझा सराव पाहत होत्या. तुळसाबाई. उमरेडला पस्तीस वर्षं मागावर बसलेल्या. मुलगा अमेरिकेत, म्हणून आमच्याकडे असतात. दहा बाण झाल्यावर म्हणाल्या, जवाईबापू, तुमचा पाय दरवेळी नव्या जागी पडते. आमी मागावर बसलो का जागा नाही बदलवत. धोटा बाहेर उडाला तं भिंत नाही सरकवत, आपला हात पाहतो.

आमच्या घराण्यातही माग होता. आजोबांबरोबर संपला. हातमागाचा आणि आधुनिक खेळाचा संबंध नाही हे मी त्यांना नम्रपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं.

१४ डिसेंबर, रविवार. दुपारी.

आज फॉर्मवर लक्ष. कपाटाच्या आरशासमोर उभा राहून धनुष्य पूर्ण ओढलं. बाण लावला नव्हता, कारण घरात काच आहे. कोपर सरळ, हनुवटी वर, तार गालाला. फोटो काढून ठेवावा असा फॉर्म.

मग सोडायचं कसं, हा प्रश्न आला.

बाण नाही, म्हणून सोडता येत नाही. हळूहळू परत न्यावं तर मध्येच तो जड टप्पा येतो, तिथे तार हातातून निसटली की परिणाम तोच. रविंद्रचं धनुष्य आणि माझं तोंड. थोडक्यात, धरून ठेवणं सोपं होतं आणि दुसरं काहीही शक्य नव्हतं. चंद्रकला भाजीला गेलेली, पुष्पलता मैत्रिणीकडे. सासूबाईंना हाक मारली. त्या मागे होत्या, त्यांना कमी ऐकू येतं. चौथ्या हाकेला आल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, काय करून राहिले?

मी म्हटलं, उभा आहे.

त्यांनी पदराला हात पुसले, माझ्या बोटांशेजारी तार धरली, म्हणाल्या, आता संग संग चला, घाई नोका करू. आणि ते सगळं ओझं असं खाली नेलं, जसं पाळण्यात मूल ठेवावं. मग वातींकडे गेल्या.

नोंद: पूर्ण ओढून अकरा मिनिटं. विदर्भात तरी हा विक्रम असावा. शेवटी बाईमाणसाने थोडा हात लावला, पण अकरा मिनिटं माझी.

२२ डिसेंबर, सोमवार

ऑफिसातून आलो तर पोत्यात तीन बाण. मधोमध. तिन्ही इतके जवळ की एका रुपयाखाली झाकले जातील.

विचार केला. सकाळी मी सहा मारले, पाच नत्थूजींनी परत दिले. म्हणजे एक नक्की माझा. उरलेले दोन आधीच्या एखाद्या दिवसाचे असणार. गर्दीत लक्षात आलं नसेल. चंद्रकला म्हणाली, आईले विचारून पाहा. मी म्हटलं, त्यांना काय विचारायचं, त्यांना ऐकू येत नाही.

आजपासून माझा बाण पोत्यात जातो असं धरायला हरकत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

एकही गेला नाही. कोणी पाहत असलं की माझं होत नाही, आणि नत्थूजी खुर्ची टाकून बसले होते.

५ जानेवारी १९८७, सोमवार

पोत्यात चार बाण. मी आज सकाळी सराव केलाच नव्हता.

यावर फार विचार करायचा नाही असं ठरवलं.

१२ जानेवारी, सोमवार

साहेबांनी कार्यक्रमपत्रिका दाखवली. ध्वजवंदन, भाषण, बँड, मग मी. त्यांच्या पत्नी इंदुताई बक्षिसं देणार आहेत. मी म्हटलं, साहेब, खांदा जरा दुखतो. साहेब म्हणाले, खेळाडूचा खांदा दुखणारच, माझा अजून दुखतो. मग हळू आवाजात म्हणाले, यादी तयार आहे बरं का, तुमच्यासाठीच अडवून ठेवली आहे.

खांदा खरंच दुखतो.

संध्याकाळी पुष्पलताने विचारलं, बाबा, तुमची बदली झाली तर माह्या भूमितीचं काय? म्हटलं, बदली होत नाही. तुझ्या बाबांचा फॉर्म पाहिला नाहीस तू.

२५ जानेवारी, रविवार

सत्तावीस बाण. सगळे तीन फूट डावीकडे. एकही चार फूट नाही. एवढं सातत्य मोठ्या खेळाडूंनासुद्धा जमत नसेल.

उद्यासाठी योजना: तीन फूट उजवीकडे नेम धरायचा. बाण आपोआप पोत्यात. हे आधी कसं सुचलं नाही? आज शांत झोप लागेल.

२६ जानेवारी, सोमवार. घरी आल्यावर.

सगळं क्रमाने लिहितो.

मैदान भरलेलं. आमच्या घरचे बायकांच्या रांगेत, नत्थूजीसुद्धा इस्त्रीचे कपडे घालून आलेले. लाउडस्पीकरवर साहेबांनी माझी ओळख करून दिली, आपल्या खात्याचे अर्जुन. मी पुढे गेलो. बाण लावला, पूर्ण ओढला, काट्यातून पाहिलं.

पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून शिपायांनी त्यांच्या खुर्च्या पोत्याच्या अगदी शेजारी मांडल्या होत्या. डावीकडे. पहिल्या खुर्चीत साहेब, दुसरीत इंदुताई. पोत्यापासून साधारण तीन फूट.

योजनेप्रमाणे नेम उजवीकडे न्यायला लागलो. तीन फूट उजवीकडे तिरंगा.

डावीकडे साहेब. उजवीकडे राष्ट्रध्वज, त्यावर मला नेमही धरवेना. मधोमध पोतं, आणि पोत्यावर धरलेला माझा बाण आजवर पोत्यात गेलेला नाही. हे वहीत पहिल्यांदाच लिहितोय.

सोडता येईना. खाली नेता येईना, मध्येच निसटला तर कुठे जाईल ते मला माहीत होतं. म्हणून उभा राहिलो. एक मिनिट गेलं. मग बँडवाल्यांना वाटलं आपली वेळ झाली, त्यांनी एक धून वाजवली. संपली. मी उभाच. त्यांनी तीच पुन्हा वाजवली. घाम डोळ्यात गेला, पुसता येत नव्हता. इंदुताई माझ्याकडे पाहून हसल्या. माझी बोटं सुन्न झाली होती.

नत्थूजींचा आवाज आला, सोड ना गा. मग बहुधा त्यांनी माझ्या समोर कोण बसलंय ते पाहिलं. म्हणाले, नाही नाही, धरून राहा.

आणि मग लुगड्याची सळसळ. सासूबाई रांगेतून उठून मैदान ओलांडून आल्या. कोणाकडे पाहिलं नाही. माझ्या बोटांशेजारी तार धरली. म्हणाल्या, चला जवाईबापू, संग संग. ओझं खाली गेलं. त्यांनी बाण काढून माझ्या हातात दिला आणि परत जाऊन बसल्या.

टाळ्या. खूप टाळ्या. का ते मला कळलं नाही, पण मी नमस्कार केला. साहेब उठून आले, त्यांनी हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, देवराव, मी बाणाचा नेम पुष्कळ पाहिला, हा संयम नाही पाहिला.

यादीचा विषय संपला असं समजायला हरकत नाही. चंद्रकलाने येताना रसमलाई घेतली.

३१ जानेवारी, शनिवार

बदलीचा आदेश. सिरोंचा. आठ दिवसांत हजर होणे.

साहेबांना भेटलो. म्हटलं, साहेब, खेळाडू माणूस हेडऑफिसला पाहिजेच असं तुम्ही म्हणाला होतात. साहेब म्हणाले, म्हणालो होतो, पण सव्वीस तारखेला मी स्वतः पाहिलं. तिथे मला असाच माणूस पाहिजे. एकाच जागी, काहीही न करता, इतका वेळ उभा राहू शकेल असा दुसरा माणूस या खात्यात नाही.

आदेश घडी घालून खिशात ठेवला.

घरी आलो. पुष्पलता भूमिती काढून बसली होती. तीन प्रमेयं झाली, मग तिने वही मिटली. म्हणाली, राहू द्या बाबा, आजी म्हणते रोज थोडं थोडं केलं का येते.

९ मार्च, सोमवार. सिरोंचा.

आज पुष्पलताचा गणिताचा पेपर. इथून एसटीने नागपूर म्हणजे अख्खा दिवस. ऑफिसात दोन माणसं, दोघेही आपसात तेलुगू बोलतात. मी उभा असतो.

१२ एप्रिल, रविवार

चंद्रकलाचं पत्र. गणिताचा पेपर बरा गेला म्हणते. नत्थूजींना यंदा पिकलेल्या पपया मिळाल्या, दोन आपल्याकडे दिल्या. रविंद्रला सगळं कळवलं, त्याने लिहिलं की धनुष्य आता आईलाच राहू दे.

सासूबाई रोज बाण मारतात असं कळल्यावर मी मागच्या पत्रात त्यांना एक सूचना केली होती, की साइटचा काटा फार डावीकडे नेऊ नका. चंद्रकलाने लिहिलंय की काटा आईने पहिल्याच दिवशी काढला होता. तुम्ही यायच्या आधी रोज परत लावून ठेवत होती, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

पत्राच्या शेवटी साहेबांचा निरोप. सासूबाईंच्या नेमाचं त्यांना नत्थूजींनी सांगितलं म्हणे. एक मेच्या कार्यक्रमात तुळसाबाईंचं प्रात्यक्षिक ठेवलं आहे. पोत्यात तणस भरायला आणि पोतं धरून उभं राहायला एक माणूस लागेल. अर्ज केल्यास दोन दिवसांची रजा मंजूर होईल.

अर्ज केला.