पाण्याचं यंत्र आत कुणी ढकललं

एका जहाजावर हुकूम चालवायला तीन साहेब, आणि माल उलटा भरला गेला की गुन्हेगार एकटा कोठारवाला. हा न्याय कुठल्या शाळेत शिकवतात ते मला कळव. मी तिसरीपर्यंतच गेले, तिथपर्यंत तरी शिकवत नव्हते.

प्रिय भिंगरी,

प्रिय लिहिलंय, कारण तू आहेसच. पण आज गोड बोलायला बसलेले नाही. गुडघा होता तसाच आहे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधली आहे. एवढी खुशाली पुरे.

मागच्या सुट्टीत तू स्वयंपाकघरात बसून मला तुमची फौज समजावलीस. परक्या किनाऱ्यावर मोहिमेला जायचं म्हणजे नुसता माणसांचा लोंढा सोडायचा नसतो, म्हणालीस. टेबलावर चार वाट्या मांडल्यास. एक लढणाऱ्यांची, एक विमानवाल्यांची, एक रसदवाल्यांची, म्हणजे तुझी, आणि चौथी सगळ्यात लहान, ती मोठ्या साहेबाच्या कचेरीची. तिन्ही वाट्यांनी त्या लहानीचं ऐकायचं. मी म्हटलं, घरातही तसंच असतं, सगळ्यात लहान असेल त्याच्याच तालावर सगळे नाचतात. मग तू ताट आणलंस. ते जहाज. त्याचा कप्तान वेगळा, तो मोठ्या साहेबाच्या हाताखाली नाही. समुद्रात असेपर्यंत ताट कप्तानाचं, वाट्या किनाऱ्यावर उतरून पक्क्या बसल्या की हुकूम मोठ्या साहेबाचा. आणि लढणाऱ्यांचा साहेब आधी उतरणार, म्हणून आधी काय काय लागेल ते त्यानं सांगायचं. मी विचारलं, आणि एक पाय पाण्यात, एक वाळूत असताना कुणाचं ऐकायचं? त्यावर तू म्हणालीस, त्यासाठीच तर कागद असतो आजी, तोंडी काही चालत नाही, सगळं आधी लिहून सही करून ठेवलेलं असतं. मला ते फार आवडलं होतं. शेजारणीला सांगितलं होतं मी, आमच्या पोरीच्या फौजेत तोंडी काही चालत नाही म्हणून.

माल भरायचं तर मला शिकवायची गरजच नव्हती. जे आधी लागणार ते शेवटी भरायचं, दाराशी. एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुणंघरात काढली. गाडा भरताना चौथ्या मजल्याच्या चादरी तळाशी, मग तिसऱ्याच्या, दुसऱ्याच्या, आणि ऑपरेशनच्या खोलीचं सगळ्यात वर, कारण गाडा पहिला तिथे थांबायचा. मुकादमीण असताना एकदा पाहुणे येणार म्हणून मी नव्या पडद्यांचा गठ्ठा वर घ्यायला लावला. ऑपरेशनचं खाली दबलं, पेशंट टेबलावर तसाच थांबला. मेट्रन गाडा ओढणाऱ्यावर खेकसायला लागली, तेव्हा मी पुढे होऊन म्हटलं, त्याला नको, मला बोला, गाडा माझ्या शब्दावर भरलाय. मुकादमी गेली. अकरा महिने इस्त्रीवर उभी होते. मेले नाही.

आता तुमच्या जहाजाचं. यादी झालेली होती, तिघा साहेबांच्या सह्या झालेल्या होत्या. पिण्याचं पाणी शुद्ध करायचं यंत्र दाराशी, कारण त्या किनाऱ्यावरच्या विहिरी खराब हे तुम्हाला ठाऊक होतं. बंदर सोडायच्या आदल्या दिवशी मोठ्या साहेबाच्या कचेरीला आठवण झाली, की आपला तंबू, आपलं सामान आणि आपली गाडी आधी उतरली पाहिजे. त्यांनी फोन केला तुला. तू फोन केलास कोठारवाल्याला. यंत्र आत ढकल, कचेरीचं सामान दाराशी घे. तो दोनदा म्हणाला, "मॅडम, लेखी द्या." तू म्हणालीस, वेळ नाही, मागून पाठवते. मागून काही गेलं नाही. यातला शब्दसुद्धा माझा नाही. जहाजावरून तूच मला लिहिलं होतंस, चांगलं पाच पानी, आणि कचेरीवाल्यांना त्यात अशा शिव्या घातल्या होत्यास की मला वाचताना अभिमान वाटला.

पुढचं मला पेपरातून कळलं. उतरलात, आणि यंत्रापर्यंत पोचायला अडीच दिवस लागले. कप्तान म्हणाला, मधला माल मी हलवू देणार नाही, जहाज कलतं. लढणाऱ्यांचा साहेब म्हणाला, माझी पोरं तहानली आहेत. मोठा साहेब तंबूत बसून दोघांना निरोप पाठवत होता. याला आमच्यात उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. तोवर पोरांनी विहिरीचं पाणी प्यायलं. साठ आजारी पडली, दोन गेली. त्या दोघांना गोळीसुद्धा लागली नाही गं. घरच्यांनी लोकांना काय सांगायचं?

आणि आता चौकशीत निघालं काय, तर कोठारवाल्यानं यादी मोडून माल भरला. चोर सोडून संन्याशाला फाशी. वर्दी उतरवणार, आणि दोन जीव त्याच्या नावावर लिहून ठेवणार. बावीस वर्षं नोकरी झाली आहे त्याची.

हे मला कुणी सांगितलं? त्याच्या बायकोनं. रविवारी आली होती, दोन बस बदलून. तुला चार पत्रं घातली म्हणाली, एकाचंही उत्तर नाही, म्हणून घराचा पत्ता शोधून इथे आली. खुर्चीच्या कडेवर टेकली, चहा तसाच गार झाला. मला वाटलं भांडेल, रडेल. यातलं काही नाही. म्हणाली, "मला तुमच्या नातीला दोष द्यायचा नाही. ह्यांनी लेखी मागितलं होतं, एवढंच तिनं सांगावं." मी म्हटलं, सांगेल की, तिनं नाही सांगितलं का अजून? तेव्हा तिनं पिशवीतून कागद काढून मला दाखवला. तुझा जबाब. मी अक्षरावर बोट ठेवून वाचते हे तुला माहीत आहे, म्हणून त्या एका ओळीवर माझं बोट किती वेळ राहिलं असेल ते तूच समज. "असा फोन केल्याचं मला आठवत नाही."

आठवत नाही. चौथ्या वर्षी मी दिलेली चापट तुला अजून आठवते, दर सुट्टीत ऐकवतेस. कुठल्या गालावर दिली तेही सांगतेस. आणि तीन महिन्यांमागचा फोन आठवत नाही. मोठा साहेब तर बोलायचाच नाही, त्यानं तुझ्या कानात सांगितलंय, कागदावर नाही. तुमची ती चार वाट्यांची फौज मला आता नीट कळली. हुकूम वरून खाली येतो, आणि दोष खालच्या खालीच राहतो. त्याला वर चढायला तुम्ही शिडीच ठेवलेली नाही.

काल तुझ्या आईचा फोन आला. तिला कुणकुण लागली आहे. म्हणाली, आई, तुम्ही यात पडू नका, पोरीची बढती तोंडावर आली आहे, एका माणसाची नोकरी जाणार ती जाणारच, आपल्या पोरीची का घालवायची. मी ऐकून घेतलं. सून वाईट नाही, आई आहे. पण दोन पोरं गेली त्यांनाही आया आहेत, आणि त्यांना भलत्याच माणसाचं नाव सांगितलं जाणार आहे. उद्या त्या बायका त्या कोठारवाल्याला शिव्याशाप देतील, आणि तू खांद्यावर नवा बिल्ला लावून माझ्या पाया पडायला येशील. मी पाय मागे घेईन, आधीच सांगून ठेवते.

तर भिंगरी, पत्र का लिहिलं ते ऐक. गुरुवारी चौकशीची शेवटची बैठक आहे. तुझं ते पाच पानी पत्र माझ्याकडे आहे, तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीचं. त्या बाईला मी अजून त्याबद्दल बोललेले नाही. पण गुरुवारी सकाळी दहाला मी तिच्याबरोबर त्या दाराशी असेन, पत्र हातात असेल. मागून वार करायची माझी रीत नाही, म्हणून तुला आधी कळवते. तू माझ्या आधी आत जाऊन सांगितलंस, तर पत्र उघडणार नाही, तसंच घरी घेऊन येईन. नाही गेलीस, तर मी आत जाईन आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचून दाखवीन, कितीही वेळ लागो. बढती जाईल. इस्त्रीवर उभी राहशील. मरणार नाहीस, आणि रात्रीच्या जेवणाला घरी ये, ताट वाढून ठेवते.

तुझीच,
आजी

ता. क. मला उत्तर पाठवू नकोस, आणि आईला माझ्याकडे पाठवू नकोस. त्या कोठारवाल्याच्या बायकोची चार पत्रं आली आहेत, उत्तर तिला द्यायचं, आणि ते तूच द्यायचं.