शंभर उन्हाळे

१७ फेब्रुवारी
धर्म बुडाला. होळी पेटायच्या आधी आमच्या खिडकीत कूलर बसला. होळीनंतरच कूलर लावायचा, हा एकच आचार मी आजवर निष्ठेने पाळत आलो. संध्या केव्हाच सुटली. निषेध नोंदवला. सौ. म्हणाली, "अहो, तुमचं शास्त्र त्या उकाड्याला सांगा." उकाड्याला संस्कृत येत नसावं. हे कूलरसमोर बसूनच लिहितो आहे.

२६ फेब्रु.
ऋचाला डॉक्टरांनी मेअखेरची तारीख दिली. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी, म्हणजे इथे. नाशिकहून विहीणबाईंचा फोन, आवाज श्रीखंडासारखा: "मे महिन्यात नागपूर? बघा बाई. आमचं काही म्हणणं नाही." ज्यांचं काही म्हणणं नसतं त्यांचंच फार असतं. सौ. दिवसभर धुमसत होती.

८ मार्च
संपादकांनी लेख मागितला. आपल्या हयातीत तापमानवाढीमुळे गंभीर काही घडेल का? "ठोस लिहा हं. समास नकोत."
मी इतकी वर्षं नागपूरच्या उन्हाच्या बातम्या देतोय. तापली, भाजली, करपली, होरपळली. उपराजधानीसाठी क्रियापदं संपत आली. पण गाडी पहिल्याच शब्दाशी अडली. 'आपल्या' म्हणजे कुणाच्या?

१४ मार्च
भर दुपारी धनराज. शाळेपासूनचा मित्र. उमरेडच्या कोळसा खाणीतून मुदतीआधी निवृत्ती घेतली, आता मनीषनगरात वरच्या मजल्यावर राहतो. त्याला विषय सांगितला.
"काहून डोस्कं तापवून राहिला गा? आपल्या हयातीत काई होत नाई. मी दरसाल हयातीचा दाखला देतो, मले माहीत आहे."
"कोळसा तूच काढलास."
"काढला. तुह्याच पंख्यासाठी काढला ना बे."
ऊन उतरू दे, मग जा म्हटलं. हसत स्कूटर काढली.

२ एप्रिल
सौ.ने माळ्यावरून लोखंडी शेगडी काढली. बाळंतिणीला शेक हवा. त्याच खोलीत कूलरही हवा. कूलरशेगडी: द्वंद्व समास. विग्रह करून दाखवला तर मलाच खोलीबाहेर काढलं.
जुन्या साड्यांची दुपटी शिवते आहे. एक गालाला लावून पाहिलं, मऊ आहे का ते. मी पेपर वाचत असल्याचं दाखवलं.

२१ एप्रिल
धनराज रामदासपेठेत इस्पितळात भरती. दुपारी बँकेत निघाला आणि सिग्नलवर स्कूटरसकट पडला. ऊन लागलं. लोकांनी उचलून आणलं. सलाइन चालू. मला पाहून, जड जिभेने: "हयात आहो गा अजून. लिहून घे." दोघंही हसलो. मग त्याने मला त्याच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारली. भाऊ जाऊन वर्षं झाली. मी 'ओ' दिली.
बाहेर व्हरांड्यात एक मुलगी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. दिवस भरत आलेले. ओला दुपट्टा डोक्यावर, डोळे मिटलेले. आत तिचा कोणी असेल. पाणी हवं का विचारलं. मान हलवली, हो की नाही, कळलं नाही. बाटली जवळ ठेवून आलो.

२२ एप्रिल
सौ.ला न विचारता ऋचाला फोन केला.
"येऊ नकोस."
"बाबा, आई म्हणते ये, तुम्ही म्हणता नको."
"आईचं बरोबर आहे."
"मग?"
"मग येऊ नकोस."
म्हणाली, "सासूबाई जिंकल्या म्हणायच्या." अशा वेळी विनोद करायची खोड माझी. तिने तेवढीच उचलली.
सायं. सौ.ला सांगितलं. भांडेल असं वाटलं होतं. "स्टूल धरा" म्हणाली, आणि शेगडी परत माळ्यावर ठेवली. 

११ मे
सौ. नाशिकला. दुपट्यांची पिशवी तिने मांडीवरच घेतली, डिक्कीत ठेवू दिली नाही. धनराज घरी आला आहे. बरा आहे, जरा विसरतो. दाखल्याचा विनोद परत सांगितला, नवा असल्यासारखा. मीही नव्याने हसलो.
पारा पहिल्या पानावर, माझ्याच नावाने. क्रियापद जुनंच.

२७ मे
मुलगी. दोघी सुखरूप. फोनवर पाहिली, मूठ आवळलेली, माझ्याशीच वाद घालायच्या तयारीत.
ऋचा म्हणाली, "बाबा, आशीर्वाद संस्कृतात हवा." दिला. आपल्याकडे शंभर शरद मागतात. मराठी माणूस आपलं वय पावसाळ्यांत सांगतो. ऋतू बहुतेक वापरून झाले, पण आयुष्य उन्हाळ्यांत कुणी मोजलं नाही. नागपूरकरानेही नाही. शंभर म्हणताना माझा आवाज किंचित... रेंज गेली असं सांगितलं.

९ जून
संपादकांचा तिसरा फोन. एवढंच लिहून झालंय: 'आपल्या म्हणजे कुणाच्या?' ते म्हणाले, हे उत्तर नव्हे. मान्य.
ऋचाने विचारलं, "पुढच्या मेमध्ये आणू ना हिला? आजोळी उन्हाळ्यातच जातात." सौ. पलीकडून ओरडली, "दिवाळीत आणू, दिवाळीत." मी 'बघू' म्हणालो.
माझ्या हयातीची फारशी काळजी नाही. ती कूलरपुढे बसून निघून जाईल. खरी काळजी वेगळी आहे. नातीला 'ये' म्हणायची मला हिंमत झाली नाही. आणि एखाद्या वर्षी ऋचा विचारणंच सोडून देईल.