म्हशीला वाचून दाखव

बसम्मा,

ही चिठ्ठी वाचून घ्यायला शेजारच्या सिकंदरकडे जाऊ नकोस. तुला वाचता येतं, मला ठाऊक आहे.

गडमुडशिंगीहून गाडी आली. माझ्या लेकीला, महादेवीला, पहाटे मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. तू धुण्याला गेली होतीस, म्हणून ही चिठ्ठी जात्यावर ठेवून निघते. तुझ्या रामलिंगला नवी बहीण बघायची आहे, त्याला बरोबर नेते.

संध्याकाळची धार तू काढ. गुरुपादने शाहूपुरीतून आणलेलं जनावरांच्या गाण्यांचं चित्रपुस्तक मी रोज गोठ्यात बसून नातवाला वाचून दाखवते. आता म्हशीलाही त्याची सवय झाली आहे. दोन पानं ऐकल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. आधी पुस्तक घे, मग चरवी.

शेवटचं कोंबड्याचं पान मी आजवर कधी मोठ्याने वाचलेलं नाही, कारण तोवर रामलिंग पेंगतो. आणि काल दळताना तू नेमकं तेच म्हणत होतीस:

कोंबडा म्हणे, उठा उठा,
दिवस आला एवढा मोठा!

मी अंथरुणात तोंडावर पदर धरून हसले.

आजऱ्याला माझे वडील मला चुलीतल्या राखेत अक्षरं गिरवायला लावायचे. सासरी आल्यावर मात्र सासूबाई होत्या तोवर मी अंगठाच उठवला. तुझी सासू मी आहे, तू तसं करू नकोस.

मोठ्याने वाच. भिंतीपलीकडून चाँदबीने विचारलंच, "कोण वाचतंय गं?" तर सांग, "मीच की."

अव्वा