पाकिटावरची लाल खूण

ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लढाईच्या काळात भाऊजींच्या जमातीच्या लोकांचं टपाल ज्यात वेगळं काढायचे, तो पोस्टातला खण काल काढून टाकला. पोस्टमास्तरांनी स्वतः आत नेऊन दाखवलं. भिंतीवर चार खिळ्यांची भोकं तेवढी उरलीत. टपाल लावणारे चष्मेकाका असला भेदभाव सोडायला शिकवणाऱ्या सरकारी सुधारवर्गात तीन महिने बसून आले. तुझी चौकशी करत होते. शाळेतही आता सगळ्यांची मुलं एका बाकावर बसतात. तेव्हा पोरींना घेऊन कायमची ये. वरची खोली रंगवलीय. रंग मीच लावलाय, हसू नकोस.

माया आहे, ती वाढव.
तुझा धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

रंगाला नाही, तुझ्या भाबडेपणाला हसले. ही खबर ज्या पाकिटातून आली, त्याच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची खूण आहे. आमचं आडनाव दिसलं की अशीच खूण व्हायची, पत्र त्या खणात जायचं, फोडलं जायचं. तुझ्याच पत्रावरून आमचा पत्ता लागला आणि पोरींच्या बाबांना पकडून नेलं. तुझा दोष नाही, पण विसरूही नकोस. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. काकांना विचार.

जपून राहा.
ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. काकांचा चेहरा उतरला. सहा वर्षं तेच केलं, आडनाव वाचलं की हात आपसूक जातो, असं म्हणाले आणि माझ्यादेखत पेन्सिल मोडली. मला खरं वाटलं. तरी हे पत्र त्यांना न सांगता नाक्यावरच्या पेटीत टाकतोय. कोपरा बघ.

राग माझ्यावर काढ, पण ये.
धाकटा

ता. २० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बघितला. खूण नाही. पण उजेडाकडे धरलं तर कोपरा रबराने खरवडलेला दिसतो. म्हणजे आधी केली, मग पुसली. मोडून एका पेन्सिलीच्या दोनच झाल्या म्हणायच्या! शेजारीण म्हणते, पुसली हे काय थोडं झालं? असेल. पण लाजेने पुसली की तू विचारलंस म्हणून, हे कागद सांगत नाही.

पोरी सासूबाईंकडे राहतील. मी एकटीच गुरुवारी सकाळी दहाच्या बसने येते. रंगवलेली खोली मागाहून बघू. आधी मला पोस्टात ने. माझ्याच नावाचं एक पाकीट काकांच्या हातात देईन आणि त्या हाताकडे बघत समोर उभी राहीन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
ताई