रवराब

३ फेब्रुवारी

"मी नेमका रीळ बदलत होतो." बाबांचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सहा वर्षांची होते. बाबा बातम्यांसाठी चित्रण करायचे. एका सभेत भाषण करणाऱ्या नेत्यांपासून दहा हातांवर उभे होते. गोळ्या झाडल्या गेल्या, आणि बाबांकडे त्याचं चित्रणच नाही. मग चाळीस वर्षं कुणी ना कुणी — "काय हो, झालं का रीळ बदलून?" बाबा हसायचे. आई नाही हसायची.

आता त्याच खुनावर टीव्हीसाठी माहितीपट होतोय आणि निवेदन मी लिहितेय.

७ फेब्रुवारी

आठ पानं झाली. त्या क्षणापाशी येऊन अडलेय.

१० फेब्रुवारी

चित्रफितींच्या संग्रहात गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "खराब रिळं कधीच जाळली. ही राहिली ती." रिळांत दिसणाऱ्या व्यक्तींच्या यादीत, खुनाच्याच तारखेचं एक नाव — 'रवराब'.

"कुणी परदेशी पाहुणा असेल," बाई म्हणाल्या.

मला हसू फुटलं. बाबांचा ख असा सुटा, र वेगळा, व वेगळा. घरी खडूच्या डब्याला आम्ही अजून 'रवडू' म्हणतो. पाहुणा कसला! बाबांनी 'खराब' लिहिलं होतं. कारकुनाला आडनाव वाटलं, म्हणून रीळ जाळण्यातून वाचलं.

११ फेब्रुवारी

पाहिलं. एकटीनेच. आवाज नाही. नेते खाली पडलेत. मान वळवून सरळ कॅमेऱ्याकडे बघतात. ओठ हलतात. तळहात वर करतात. मग अंधार. बोटांच्या फटीतून बारीक उजेड. भिंगावर बाबांचा हात आहे, रीळ संपेपर्यंत.

बदलत नव्हते.

बाईंनी विचारलं, "कोण निघाले मग हे रवराब?" म्हटलं, "नाव तसंच राहू द्या."

१२ फेब्रुवारी

बाबा चष्मा पुसत होते. विचारल्यावरही पुसतच राहिले.

"घेऊ नका, म्हणाले ते."

"मग तसं सांगायचं ना लोकांना."

"सांगितलं असतं तर रीळ मागितलं असतं. फिल्म धुणारा मीच, डब्यावर लिहिणाराही मीच. लिहिलं खराब." मग चष्मा डोळ्यांवर चढवत, "गुरुजी म्हणायचे, अक्षर सुधार. ऐकायला हवं होतं."

"चाळीस वर्षं टोमणे ऐकलेत, बाबा."

"सवय झाली गं. तू काय लिहिणार आहेस?"



१५ फेब्रुवारी

दिग्दर्शकाचा फोन. "ताई, संग्रहात काही हाती लागलं?" भला माणूस आहे, तेच अवघड. एक शब्द बोलले असते तर बाबांवरचा डाग धुऊन निघाला असता. आणि तो वर केलेला हात घरोघरी दिसला असता.

"नाही," म्हटलं.

१६ फेब्रुवारी

वाक्य सापडलं. 'नेत्यांचा अखेरचा क्षण कॅमेरामनने टिपला नाही.' यात खोटं काही नाही.

उद्या बाबांना विचारणार आहे — माहितीपटाच्या शेवटी श्रेयनामावलीत तुमचं नाव घालू? तळहात वर करतील, ठाऊक आहे मला.